मॉरिशसला चाललाय? हॉटेलच्या आधी किनारा ठरवा

मॉरिशसचं पॅकेज हातात पडतं तेव्हा त्यात दोन दिवस नुसतं ‘बीच लेझर’ लिहिलेलं असतं, पण कुठला बीच, बेटाच्या कुठल्या बाजूचा, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण फोटोत सगळेच बीच सारखे दिसतात. बेट साधारण ६५ किमी लांब आणि ४५ किमी रुंद, म्हणजे टॅक्सीने एका दिवसात आरपार जाऊन येता येतं, पण एकाच वेळी एका किनाऱ्यावर पोरं कमरेएवढ्या शांत पाण्यात डुंबत असतात आणि पलीकडच्या किनाऱ्यावर वारा असा सुटलेला असतो की खुर्चीवर टॉवेल राहत नाही. त्यामुळे ज्यांना ज्यांना मी सल्ला देतो (न मागता सुद्धा देतो, ते सोडा) त्यांना एकच सांगतो, महिना आणि बरोबर कोण आहे हे बघून आधी किनारा ठरवा, मग हॉटेल. हॉटेलचा स्विमिंग पूल बघून नाही.

थोडा भूगोल, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मॉरिशस पूर्ण ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, वय सुमारे ८० लाख वर्षं, आणि गंमत म्हणजे ज्या हॉटस्पॉटमुळे (म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याची जागा) ते तयार झालं त्याच हॉटस्पॉटमधून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा आला असं भूगर्भवाले मानतात, म्हणजे अंधेरीची गिल्बर्ट हिल आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरचे काळे दगड एकाच घराण्यातले. मग वाळू पांढरी कशी? तर ती दगडाची नाहीच, बेटाभोवती जी कोरल रीफ, म्हणजे लाटा अडवणारी प्रवाळाची भिंत आहे त्या प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा तो भुगा आहे. जिथे रीफ आहे तिथे पांढरी वाळू आणि शांत पाणी, जिथे रीफ नाही तिथे काळा खडक आणि लाटा, हे एक डोक्यात ठेवलं की अर्धं काम झालं. काळी वाळूच हवी असेल तर ती शेजारच्या रियुनियन बेटावर, एतांग सालेला, तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. नुसती बघायचीच असेल तर रत्नागिरीला जा, मांडवीला काळी आणि पलीकडे पांढऱ्या समुद्रावर पांढरी, व्हिसा बिसाचा प्रश्नच नाही.

आता कामाची गोष्ट. बीचचं नाव कोणी सांगितलं की रिव्ह्यू वाचत बसू नका, मॅप उघडा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. किनाऱ्यापासून लांब समुद्रात एक पांढरी तुटक रेघ दिसेल, कुठे पाचशे मीटरवर, कुठे एक-दोन किलोमीटरवर, ती म्हणजे रीफवर फुटणाऱ्या लाटा. त्या रेघेच्या आत जो फिकट निळा-हिरवा पट्टा आहे तो लगून, पोहायची जागा तीच. पट्टा जितका रुंद आणि फिकट, तितकं पाणी उथळ आणि निवांत. त्यात काळपट ठिपके दिसले तर तिथे प्रवाळ नाहीतर समुद्री गवत असतं, स्नॉर्केलिंगवाल्यांनी ते शोधायचे आणि लहान मुलं असलेल्यांनी ते टाळायचे. पांढरी रेघ मध्येच तुटलेली असेल आणि तिथून गडद निळ्या पाण्याची चिंचोळी वाट आत किनाऱ्याकडे येत असेल तर जरा सांभाळून, लगूनमधलं पाणी तिथूनच बाहेर जातं, ओढ असते. हे बऱ्याचदा नदीच्या मुखाशी दिसतं कारण गोड्या आणि गढूळ पाण्यात प्रवाळ वाढत नाही. आणि जिथे रेघच नाही, गडद निळा रंग थेट किनाऱ्याला भिडलाय, तिथे कपडे भिजवायचे नाहीत, फोटो काढायचे आणि निघायचं.

भरती-ओहोटीचं मात्र आपण मुंबईकर उगाच टेन्शन घेतो. आपल्याकडे मोठ्या भरतीला चार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणून जुहूला सकाळी समुद्र कुठच्या कुठे आणि दुपारी पायऱ्यांशी. मॉरिशसला हा फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा, त्यामुळे टाइमटेबल पाठ करायची गरज नाही. फक्त ज्यांना खरंच हात मारून पोहायचंय त्यांनी लक्षात घ्या की काही लगून ओहोटीला गुडघाभरच उरतात, शंभर मीटर चालत गेलात तरी गुडघाभरच, मग बसा फतकल मारून.

महिना. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण तिथले ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर त्यांचा हिवाळा आणि त्या काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात, जून ते ऑगस्ट तर जोरात, म्हणजे पूर्व आणि दक्षिण किनारा थेट तोंडावर, पश्चिम आणि वायव्य किनारा मधल्या डोंगरांमुळे आडोशाला. पाऊसही तसाच, वाऱ्याकडच्या बाजूला आणि मधल्या पठारावर भरपूर, पश्चिमेला कमी. माझ्या मावसभावाला जुलैत हनिमूनसाठी एका एजंटने पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारचं रिसॉर्ट दिलं, रिसॉर्ट झकास, बीच लांबलचक, पण दोघं विंडचीटर घालून सूर्योदय बघून रूममध्ये परत, आणि पाणी २२-२३ डिग्री म्हणजे आपल्यासारख्या कोमट समुद्राची सवय असलेल्यांना हुडहुडीच. तेच बेल मार नोव्हेंबरात स्वप्न आहे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर कुठलाही किनारा चालेल, वारा पडलेला असतो, ऊन मस्त, पाणी तापायला लागलेलं. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी अजून उबदार असतं पण वारा सुरू होत असतो, तेव्हा पश्चिम नाहीतर उत्तर घ्या. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा सीझन, तेव्हा स्वस्त का मिळतंय हे विचारा स्वतःला. अजून एक, हिवाळ्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ‘साइटसीइंग करून संध्याकाळी बीचवर जाऊ’ हा प्लॅन हमखास पडतो.

बरोबर आई-बाबा आणि लहान मुलं असतील तर माझं मत उत्तरेला, त्रू ओ बिश किंवा मॉन श्वाझी. पाणी हळूहळू खोल होत जातं, लाटा नावाला, आणि मॉन श्वाझीला मागे सुरूच्या झाडांची दाट सावली आहे, आपल्या कोकणात लावतात तीच झाडं, बाबांनी तिथे चटई टाकली की चार वाजेपर्यंत त्यांची काळजी नाही. ज्या आयांना साडी वर खोचून फक्त पाय भिजवायचे असतात त्यांच्यासाठी याहून चांगली जागा नाही. पेरेबेर छोटासा आहे, खायच्या गाड्या जवळ, तरुण गर्दी. ग्रँड बे मध्ये राहा, शॉपिंग करा, पण खाडीत बोटी इतक्या की पोहायला ती जागा नव्हे, हे पॅकेजवाले सांगत नाहीत.

पश्चिमेला फ्लिक अँ फ्लाक, सनसेट तिथलाच, रविवारी आख्खं मॉरिशस तिथे पिकनिकला येतं, मोठमोठी पातेली, ढोलकी, गाणी, मला तर मजा वाटते पण शांतता हवी असेल तर मधल्या वारी जा. तिथे काही ठिकाणी प्रवाळाचे तुकडे काठालाच आहेत, दक्षिणेकडे वोल्मारच्या बाजूला वाळू मऊ. तामारिनला नदी मिळते त्यामुळे रीफमध्ये खिंडार, वाळू जरा करडी, लाटा येतात, सर्फिंग शिकायचं तर तिथे. सकाळच्या डॉल्फिन ट्रिपा तिथूनच, पण एकेका डॉल्फिनमागे दहा बोटी धावताना बघून मला तरी बरं वाटलं नाही. अगदी नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न, मागे ५५६ मीटरचा उभा डोंगर, पळून आलेल्या गुलामांनी तिथे आसरा घेतला होता म्हणून २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. वारा असतो तेव्हा काईट सर्फिंगवाल्यांची जत्रा, डोंगराच्या पश्चिमेकडचा भाग त्या मानाने शांत. आणि रीलवर दिसतो तो ‘पाण्याखालचा धबधबा’ बीचवर उभं राहून दिसत नाही हो, तो वाळू वाहून जाण्यामुळे होणारा भास आहे आणि फक्त उंचावरून, हेलिकॉप्टर वगैरेमधूनच दिसतो.

दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री ग्री. रीफ तिथे तुटलेली आहे, समुद्र थेट काळ्या कड्यावर आपटतो, बघायला मला सगळ्या बेटात हीच जागा आवडते, पण पोहायचं अजिबात नाही, बोर्ड लावलेत ते शोभेला नाहीत. स्वतंत्र दिवस घालवू नका, गंगा तलाव (तोही ज्वालामुखीच्या विवरातलाच तलाव, काठावर हिंदू देवळं, आईला आवडेलच), शामारेलची रंगीत माती आणि ग्री ग्री असा एक दिवस टॅक्सी करून उरका.

पूर्वेला इल ओ सर्फ हे छोटं बेट प्रत्येक पॅकेजमध्ये असतंच. पाणी खरंच सुंदर, पण पॅरासेलिंग, बार्बेक्यू आणि ग्रुप टूर यांचा नुसता बाजार. जायचंच तर पहिल्या बोटीने जा, त्रू दो दूसहून बोटी सुटतात, आणि उतरल्यावर जेट्टीजवळ न थांबता दहा मिनिटं चालत पुढे जा, निम्मी गर्दी तिथेच कमी होते.

हॉटेल महाग किनाऱ्यावर मिळालं नाही तरी बिघडत नाही. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सगळ्यांसाठी खुला असतो, पंचतारांकित रिसॉर्टसमोरून तुम्ही खुशाल चालू शकता, पोहू शकता, फक्त त्यांच्या खुर्च्यांवर बसायचं नाही. दोरी आणि तरंगते गोळे लावून पोहायचा भाग आखलेला असतो, त्याच्या बाहेर स्पीडबोटी फिरतात, तेव्हा आतच राहा. आणि चपला काठावर काढून पाण्यात शिरायची आपली सवय तिथे नको. समुद्री साळिंदरासारखे काटेवाले अर्चिन दगडांत असतात आणि स्टोनफिश हा विषारी मासा तर दगडासारखाच दिसतो, त्यावर पाय पडला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून थेट हॉस्पिटल. घट्ट सोलचे पाण्यातले शूज मुंबईतूनच घेऊन जा.

शेवटच्या दिवसासाठी ब्लू बे ठेवा. एअरपोर्ट बेटाच्या आग्नेयेला आहे आणि ब्लू बे तिथून पंधरा-वीस मिनिटांवर, तर ग्रँड बेहून एअरपोर्ट तासाभराच्या वर. ब्लू बे मरीन पार्क आहे, काचेच्या तळाच्या बोटीतून जिवंत प्रवाळ दिसतं, पोहता न येणाऱ्यांनाही. सकाळी चेकआउट करून सामान टॅक्सीत ठेवा, अकरापर्यंत पाण्यात राहा, बाहेर एक दालपुरी खा, आणि ओले कपडे टाकायला एक जाड वॉटरप्रूफ पिशवी हँडबॅगेत वरच ठेवा, चेक-इन बॅगेच्या तळाशी नको.