स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी कसं सांभाळावं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

‘वय झालं की विसरायचंच’ म्हणता म्हणता वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं. जन्मभर केलेली आमटी करताना अडखळणं, आपल्याच गल्लीत घर न सापडणं वेगळं. असं काही दिसलं की कामाला लागा.

१. आधी एक वही घाला. काय घडलं, कधी, कधीपासून, एवढंच टिपा. चालू गोळ्यांची नावंही लिहा. झोपेच्या गोळ्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही त्यात आल्या.

२. तपासणीला न्या. बेळगावात बिम्सचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आणि मेंदूच्या आजारांचं सरकारी रुग्णालय. थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगाच. या दोन्हींची कमतरता, नैराश्य, काही औषधं, डोक्याला लागलेला मार, यांमुळेही माणूस विसरतो, आणि त्यावर बऱ्याचदा उपाय असतो. ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. स्मरणशक्तीच्या चाचणीत तारीख विचारतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, उलटे आकडे मोजायला लावतात. आजी मराठी शाळेत चौथी शिकलेल्या, कन्नड बाजारापुरतं, आणि प्रश्न कन्नडमधून. मग गुण आजारामुळे कमी पडले की भाषेमुळे, हे कसं कळणार? म्हणून बसल्या बसल्याच सांगा, ‘डॉक्टर, मराठीतून विचारा.’ माहेर गोकाक-बैलहोंगलकडचं असेल तर कन्नडच बरं. शिक्षण किती तेही सांगा. आणि शेजारी बसून उत्तरं पुरवू नका, हे प्रेमाने फार होतं.

डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना थोडा काळ फरक पडतो. आजार जात नाही. पूर्ण बरं करून देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे घालवू नका.

३. वाद घालू नका. ‘मला माहेरी जायचंय’ म्हणाल्या तर ‘माहेरी आता कोण आहे?’ असं विचारून त्यांना पुन्हा दुःखात लोटण्यात काय मिळणार? ‘जाऊया की, आधी चहा घेऊ’ म्हणावं. संध्याकाळी चुळबुळ वाढते. दिवे लवकर लावा, टीव्ही बंद ठेवा. मात्र एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं ही कारणं असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना.

४. घर. मोरीत धरायला दांडा, रात्री बारका दिवा, गॅसचा कॉक बंद. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा. बसमध्ये चढून कुठवर जातील सांगता येत नाही. गल्लीतल्या दुकानदारांना आजार उघड सांगा. लपवण्यात लाज वाचते, माणूस हरवतं.

५. कागद लवकर. समज शाबूत आहे तोवर मृत्युपत्र, बँकेतलं नामांकन, जोडखातं उरका. मुखत्यारपत्रावर विसंबू नका; करून देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं.

६. पाळी लावा. सगळ्यात अवघड हेच. पुण्याचा मुलगा फोनवर सल्ला देतो, लेक सणाला येते, आणि रात्री तीनला उठते ती सून. तिला पगार नाही, रजा नाही, वर ‘तुझंच लक्ष नाही’ हे ऐकायचं. सगळ्यांना एकदा बसवा आणि वहीतली पानं वाचून दाखवा. मग कामं नावानिशी लिहा: औषधांचा खर्च कुणाचा, दवाखान्याला कोण नेणार, महिन्यातला कुठला आठवडा कुणाकडे. लांब राहणाऱ्याने दिवसाच्या मदतनीस बाईचा पगार द्यावा, हे मागायला संकोच नको. सुनेला आठवड्यातून एक दुपार पूर्ण मोकळी हवी, बाजारहाटासाठी नव्हे.

ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत. टेली-मानस रात्रीही चालू असतं आणि तिथे मराठीतून बोलता येतं. तो फोन आजारी माणसासाठीच करायचा असं नाही. सांभाळणाऱ्याची झोप उडाली असेल, चिडचीड होऊन हात उगारावासा वाटत असेल, तर त्यासाठीही करा.