फवारणीची पुस्तिका बाहेर काढण्याआधी हाताशी काय काय हवं

फवारणी सुरक्षिततेची पुस्तिका पऱ्हाटी (कपाशी) गुडघ्याला लागायच्या आत गावात पोचली तरच तिचा उपयोग. तेव्हा तयारीला एप्रिलमध्येच लागा. पहिलं काम मजकूर लिहिण्याचं नाही. तो कुठे वाचला जाणार हे आधी कागदावर मांडा. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरची छापील प्रत, त्या प्रतीची झेरॉक्स, वावरात मोबाइलवर उघडलेली पीडीएफ, वेबपान, आणि बटणाच्या साध्या फोनवर आलेला एसएमएस, अशी निदान पाच रूपं निघतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून धोक्याची सूचना या पाचांपैकी एकाही रूपात गळता कामा नये. पुढची सगळी तयारी याच एका अटीसाठी आहे.

मूळ मजकूर एकाच फाइलमध्ये ठेवा आणि सगळी रूपं तिथूनच काढा. त्यासाठी डॉकबुक, डिटा, आस्कीडॉक यांपैकी मजकूर खुणांसह लिहिण्याची कोणतीही पद्धत चालेल. टायपिंग करणाऱ्याला आस्कीडॉक लवकर जमतं, कारण ते नोटपॅडमध्येही लिहिता येतं. सूचना ‘लाल, ठळक’ म्हणून रंगवू नका, ‘इशारा’ म्हणून नोंदवा. कृती ‘पायरी’ म्हणून नोंदवा. हाताने लाल केलेली ओळ झेरॉक्समध्ये साधी होते. इशारा म्हणून नोंदवलेल्या ओळीला मात्र छपाईत चौकट, वेबपानावर रंग आणि एसएमएसमध्ये सुरुवातीलाच ‘धोका’ हा शब्द, असं प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप देता येतं. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, उतरवून शब्द न् शब्द वाचून काढा. रफार, अवतरणचिन्हं आणि आकडे इथेच बिघडतात.

आकडे 15, 30 असे इंग्रजीच ठेवा. फिक्या झेरॉक्समध्ये १ आणि ९ यांची गल्लत होते, आणि बाटलीवरच्या लेबलशी ताडून बघायलाही इंग्रजी आकडे सोपे जातात. आकडा आणि एकक यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घाला. नाहीतर ‘30’ एका ओळीच्या शेवटी राहतो, ‘मिली’ खालच्या ओळीत जातं आणि घाईत वाचणारा चुकतो.

सगळ्यात जास्त वेळ पीडीएफसाठी राखून ठेवा. अपाची एफओपी या प्रोग्रामने पीडीएफ काढणार असाल तर आवृत्ती 1.1 किंवा त्यापुढची हवी, कारण देवनागरीची जोडाक्षरं जुळवण्याची सोय तिथून आली. फॉन्टची नोंद सेटिंगमध्ये केली नाही, तर अक्षरांच्या जागी # च्या रांगा छापल्या जातात. लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरत असाल तर तिचा झीलाटेक किंवा लुआलाटेक हा प्रकार घ्या, आणि फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी असल्याचंही सांगा. ते राहिलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. चाचणीसाठी आख्खी पुस्तिका काढत बसू नका. ‘पऱ्हाटी, वाऱ्याच्या दिशेने, मिश्रण, द्रावण, कीटकनाशक, किंवा, स्त्री’ एवढी एक ओळ टाकून बघा. ती नीट उमटली तर बाकीचं बहुधा नीट येतं. मग पीडीएफमधून तीच ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. पुष्कळदा पडद्यावर अक्षरं सुरेख दिसतात, पण आतला क्रम विस्कटलेला असतो, आणि मग पीडीएफमध्ये शब्द शोधला तरी सापडत नाही. शोधायला आणि फोनकडून वाचून घ्यायला वेबपान हवंच, ते यासाठी.

छापील प्रतीला ए5 आकार बरा, घडी घालून खिशात मावतो. मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत बसवा. 18 पानांचा मजकूर झाला की दोन पानं कोरी जातात, तिथे फवारणीची नोंद ठेवायला तक्ता द्या. 12 सेंटिमीटर रुंद फोटो 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापायला साधारण 1,420 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलं गेलेलं असतं, म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ करूनच मागवा. आता रंगांचं बघा. कीटकनाशकाच्या लेबलवरचा त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये चारही करडेच दिसतात. प्रत्येक त्रिकोणाच्या खाली रंगाचं नाव आणि त्याचा अर्थ शब्दांत लिहा. इशाऱ्याच्या चौकटीमागे करडी छटा देऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या झेरॉक्सला तिथलीच अक्षरं बुजतात.

हीच ए5 पीडीएफ मोबाइलवर पाठवू नका. 14.8 सेंटिमीटरचं पान सात सेंटिमीटरच्या पडद्यावर आलं की 12 पॉइंटचं अक्षर सहापेक्षाही बारीक होतं, आणि हातमोजे घातलेल्या माणसाला ते बोटांनी मोठं करता येत नाही. त्याच मजकुरातून 90 बाय 160 मिलिमीटरच्या पानांची वेगळी पीडीएफ काढा आणि तक्ते तीन रकान्यांच्या वर जाऊ देऊ नका. वेबपानाला भाषा ‘एमआर’ (mr, मराठीचा संकेत) अशी नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात आणि वाचून दाखवणारं अॅपही मराठी आवाज निवडू शकतं. चित्रं पानातच गुंफली तर फाइल एक राहते, पण चित्रांचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. रेंज कमी असलेल्या गावासाठी ती आधी लहान करून घ्या. 108 हा क्रमांक वेबपानावर दाबताच लागेल असा करा, मात्र ‘इथे दाबा’ या शब्दांमागे लपवू नका. छापल्यावर तिथे क्रमांकच उरत नाही.

ईपब (ई-पुस्तकाची फाइल) मागणारे थोडे. काढलीच तर ईपबचेक या तपासणीच्या प्रोग्रामने तपासा. आतली ‘माइमटाइप’ फाइल पहिली आणि न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) असावी लागते. फोल्डर सरळ झिप केलं की नेमकी हीच चूक होते.

एसएमएससाठी मजकूर वेगळा लिहा, तोडून काढू नका. देवनागरीत एका संदेशात 70 चिन्हं बसतात, संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात 67. काना, मात्रा, हलन्त सगळं मोजलं जातं: ‘वाऱ्याच्या’ दिसायला तीन अक्षरं, हिशेबात दहा चिन्हं. ‘धोका: वाऱ्याविरुद्ध फवारू नका’ हे एका संदेशात आरामात बसतं.

शेवटी प्रत्येक रूपाच्या प्रत्येक पानावर आवृत्तीची तारीख टाका. छापील प्रत भर उन्हात धरून, मोबाइलची पीडीएफ हातमोजे घालून, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून वाचून बघा. हे वाचन पुस्तिका लिहिणाऱ्याने करू नये, फवारणी करणाऱ्या मजुराकडून करून घ्या, आणि तो जिथे अडखळला ती ओळ मूळ फाइलमध्येच सुधारा. नवी प्रत काउंटरवर ठेवताना जुनी उचलून आणा.