जिनिंगमध्ये फायर ट्रेनिंग द्यायला जाताय? आधी हे वाचा

दिवाळी झाली की खानदेशात जामनेर, बोदवड, धरणगाव, चोपड्यापासून थेट शहादा-दोंडाईचापर्यंत जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचे, भोंगे वाजायला लागतात. दर हंगामात काही नवी पोरं-पोरी सेफ्टीच्या नोकरीला लागतात. डिप्लोमा नुकताच हातात पडलेला असतो, हेल्मेट कोरं असतं आणि पहिल्याच आठवड्यात मॅनेजर सांगून मोकळे होतात की शनिवारी लेबरचं फायर ट्रेनिंग उरकून घ्या. हे त्या सगळ्यांसाठी लिहितेय. आगीचे वर्ग, पिन ओढा-नेम धरा-दाबा-फिरवा, कुठल्या आगीला कुठला सिलिंडर, हे तुम्हाला पाठ आहे असं धरून चालते. त्यावर शब्द खर्च करणार नाही.

मला बोलायचंय ते ट्रेबद्दल.

तुम्ही शिकलात तिथेही ट्रेच असणार. मोकळ्या मैदानात लोखंडी ट्रे, तळाला पाणी, वर डिझेल, थोडं पेट्रोल. काडी लावायची. एक जण सहा किलोचा पावडरचा सिलिंडर घेऊन वाऱ्याच्या बाजूने पुढे येतो, दांडा दाबतो, पांढरा ढग उठतो आणि चार-पाच सेकंदांत आग गायब. टाळ्या, फोटो, रजिस्टरवर सह्या-अंगठे, चहा. दिसायला हे प्रात्यक्षिक फार झकास दिसतं. जिनिंगमध्ये, चटईच्या कारखान्यात, डाळ मिलमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे हेच चालतं. आणि जिनिंगपुरतं सांगते, हे प्रात्यक्षिक माणसाला चुकीची गोष्ट शिकवून जातं.

डिझेलची आग वरच्या वर जळते. जळते ती वाफ. पावडरने ज्वाळा तोडली की खेळ खलास. कापसाचं तसं नाही. रुईच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. वरची ज्वाळा विझली तरी ठिणगी आत शिरते आणि तिथे ज्वाळेशिवाय, जवळजवळ धुराशिवाय धुमसत बसते. पावडर वरच राहते, आत जात नाही. शिवाय सिलिंडरचा जोराचा फवारा जवळून मारला तर जळती रुई उडते आणि शेजारच्या गंजीवर, म्हणजे कापसाच्या ढिगावर, जाऊन बसते. ट्रेपुढे टाळ्या वाजवलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्या डोक्यात एवढंच बसलेलं असतं की लाल सिलिंडर मारला, पांढरं झालं, म्हणजे विझलं.

माझ्या पहिल्या हंगामात हेच घडलं. जिनिंगचं नाव सांगत नाही. ट्रेचं ट्रेनिंग नुकतंच झालेलं होतं. दुपारच्या पाळीत जिनमध्ये कापसाबरोबर खडा की लोखंडाचा तुकडा गेला, ठिणगी उडाली आणि हॉलमधल्या रुईने पेट घेतला. पोरं धावली, शिकवलं होतं तसंच सगळं केलं, सिलिंडर रिकामे केले. ज्वाळा गेल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. झाडझूड झाली, मशीन चालू झालं, रुई दाबून गाठी बांधणारी प्रेस चालू झाली, कारण माल थांबवणं कुणालाच परवडत नव्हतं. त्या पाळीत बांधलेल्या गाठी गोडाऊनमध्ये थप्पीला लागल्या. दोन-तीन दिवसांनी पहाटे गोडाऊनच्या शटरखालून धूर आला. १७० किलोच्या दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात ठिणगी इतके दिवस जिवंत राहिली होती. रखवालदार शटर उघडायला गेला. हवा आत शिरली आणि आगीचा लोळ बाहेर आला. माणूस वाचला, पण दोन्ही हात भाजले. त्याच्या हातांना बांधलेल्या पट्ट्या मला आजही आठवतात आणि आजही राग येतो.

म्हणून ही गोष्ट तुम्हाला कंटाळा येईल इतकी फोड करून सांगते.

रुई पेटली की पहिलं काम सिलिंडर शोधणं नाही. पहिलं काम पंखा बंद करणं. ओढणारा पंखा चालू राहिला तर जळती रुई पाइपातून पुढे पुढे जात राहते आणि एका जागची आग चार जागी पोचते. जिन बंद, पंखा बंद, प्रेस बंद. ही बटणं कुठे आहेत ते फिटरलाच नव्हे, तिथे काम करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत हवं. मग त्या भागाची वीज तोडायची आणि पाणी. हो, पाणी. वीज तोडल्याशिवाय पाणी नाही, हेही सोबतच शिकवा. धार सरळ मारायची नाही, ती रुई उधळते. नोजल फवाऱ्यावर ठेवायचं. ढीग लोखंडी आकड्यांनी ओढून पसरायचा, बाहेर काढायचा, पुन्हा भिजवायचा. पावडरचा सिलिंडर वरची ज्वाळा दाबून तुम्हाला काही क्षण मिळवून देतो, एवढंच त्याचं काम. सहा किलोचा सिलिंडर फार तर पंधरा-वीस सेकंद चालतो.

आणि गाठी. आग लागल्यापासून, किंबहुना ती दिसण्याच्या थोडं आधीपासून, प्रेसमधून निघालेली प्रत्येक गाठ आणि पेटीत अर्धवट दाबलेली गाठ संशयित धरायची. खडूने मोठी खूण करायची आणि उघड्यावर, भिंतीपासून लांब, एकमेकींपासूनही लांब ठेवायची. काही दिवस रोज सकाळ-संध्याकाळ हात लावून बघायचं, गरम लागते का, जळका वास येतो का. गोडाऊनमध्ये नेऊन गाठ फोडून बघायची नाही. मालक म्हणेल, जागा नाही. मॅनेजर म्हणेल, ट्रक उभा आहे. तिथे तुम्ही नमलात तर बाकी सगळं ट्रेनिंग वाया गेलं असं समजा.

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तुम्हालाही त्या दिवशी बॅज लावायला सांगतील. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या जहाजावर दारूगोळा होता हे सगळे सांगतात. त्याच जहाजावर कापसाच्या गाठीही होत्या आणि आग आधी कापसाच्या मालात लागली होती, हे आपल्याकडच्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

आता ट्रेऐवजी काय करायचं. ट्रे करूच नका असं मी म्हणत नाही, विजेच्या पॅनलजवळच्या आणि डिझेल टाकीजवळच्या लोकांना त्याचा उपयोग आहे. पण लेबरला मैदानात बोलावू नका, तुम्ही त्यांच्या जागेवर जा. पाळी बदलताना दहा मिनिटं, दहा-बारा माणसं, बस. पाण्याचा ड्रम आणि बादल्या जिथे आहेत तिथेच उभं राहून शिकवा, म्हणजे ड्रम रिकामा आहे की त्यात सरकी पडलीय तेही त्यांच्यासमोर उघडं पडतं. होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी, त्यांच्याच हातांनी ओढून घ्या. पुस्तकी मराठी तिथे टाकून द्या. धुळ्याकडची माणसं असतील तर अहिराणीत बोला. सातपुड्यातून आलेले पावरा मजूर असतील तर त्यांच्यातलाच एखादा चुणचुणीत पोरगा हाताशी धरा आणि त्याला बोलू द्या.

विझवण्यापेक्षा जास्त वेळ निघण्याला द्या. आपल्या जळगाव जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. गाडी थांबली, माणसं घाबरून रुळावर उतरली आणि शेजारून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवलं. दहाहून जास्त माणसं गेली. आग नव्हतीच. मी हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते, कारण आपल्याकडच्या कामगाराच्या ते मनात ताजं आहे आणि त्याला दोन गोष्टी एकदम पटतात. ओरडायचं ते काय आणि कुठे हे सांगून ओरडायचं. आणि बाहेर पडायचं ते कुठल्या बाजूला हे आधीच पायाखालचं असलं पाहिजे. जिनिंगच्या आवारात एका बाजूला कापसाच्या गाड्या मागे-पुढे होत असतात. लोंढा तिकडे धावला तर आगीआधी ट्रॅक्टरच जीव घेईल.

वाट चालवून घ्या. नुसती दाखवू नका, चालवून घ्या. एकदा उघड्या डोळ्यांनी, एकदा रुमाल बांधून, हात भिंतीला लावून, कंबरेत वाकून. धूर वर जातो, श्वास घेण्याजोगी हवा खाली असते, हे वाकून चालल्यावरच पटतं. चटईच्या कारखान्यात तर याला पर्यायच नाही, प्लास्टिकचा काळा धूर बघता बघता समोरचा दिवा दिसेनासा करतो. वाटेत सरकीची पोती असतील, दार कुलूपबंद असेल, तर ट्रेनिंग तिथेच थांबवा आणि कुलूप काढायला लावा. चोरीच्या भीतीने बाहेरून कुलूप लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती मला अजिबात मान्य नाही आणि तुम्हीही ती मान्य करू नका.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ट्रेनिंग देणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना हे दिसत नाही. गंजीवर काम करणाऱ्या बायका नायलॉनच्या साडीत असतात, तोंडाला स्कार्फ असतो. पदर पेटला तर धावायचं नाही, आडवं पडून लोळायचं, हे सांगून होत नाही, एकीला तरी जमिनीवर लोळून दाखवायला लावा. हसतील, हसू द्या. भाजल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही. आणि मुलं. आईबरोबर आलेली तान्ही पोरं कुठे तरी झोळीत टांगलेली असतात, जरा मोठी गंजीच्या आडोशाला खेळत असतात. मस्टरवर त्यांचं नाव नसतं, म्हणून बाहेर आल्यावरच्या मोजणीत ती धरली जात नाहीत. कुणी तरी आई मग परत आत धावते. मुलं किती आणि कुठे, याची वेगळी यादी रोज सकाळी करायला लावा आणि ती एका ठरलेल्या बाईकडेच ठेवा. मुलांना कामाच्या जागी आणूच नये हे खरं आहे, त्यासाठी भांडाच. पण भांडण मिटेपर्यंत यादी हवी.

शिक्षणाबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून थोडक्यात. सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातला सहा महिन्यांचा फायरमन कोर्स किंवा नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय, जमत असेल तर तिकडेच जा. ‘शंभर टक्के नोकरी’ असा बोर्ड लावलेल्या एका खोलीतल्या संस्थांना पैसे देऊ नका. घरबसल्या मिळणाऱ्या सर्टिफिकेटची किंमत मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला कळते. गुरू निवडताना लॅपटॉप बघू नका, हात बघा. मला जे काही येतं ते एका निवृत्त लीडिंग फायरमनकडून आणि एका प्रेसमनकडून आलंय. प्रेसमन नुसत्या वासावरून सांगायचा की बेअरिंग तापलंय, त्याला रुई गुंडाळलीय. अशी माणसं प्रत्येक जिनिंगमध्ये असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

सिलिंडरचं तपासणं सोपं आहे, पण लोक तेही टाळतात. पावडरच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा हिरव्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला असा काटाच नसतो, तो वजनकाट्यावर ठेवून वजनच करावं लागतं आणि गॅस दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला असेल तर भरून आणायचा. फवारा सोडताना त्याच्या भोंग्याला हात लावू द्यायचा नाही, थंडीने कातडी चिकटते. जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो फाइलला लागला म्हणजे तुमचं काम झालं असं मॅनेजरला वाटेल. त्याला वाटू द्या, तुम्हाला वाटू देऊ नका.

पहिल्या ट्रेनिंगला तुमचा आवाज कापणार आहे. समोर पन्नाशीची माणसं असतील, कुणी तंबाखू मळत असेल, कुणी तुम्हाला पोर समजून मान फिरवेल. मुकादम मधेच माणसं उठवून कामाला नेईल. हे सगळ्यांच्या वाट्याला येतं आणि त्यातून सगळे निभावतात. तुम्ही नवखे आहात म्हणून ते ऐकत नाहीत असं नसतं, आजवर कुणी त्यांच्या कामाबद्दल त्यांना काही विचारलंच नाही म्हणून ऐकत नाहीत. शेवटची आग कुठे लागली होती, एवढं विचारा. मग थांबवणं कठीण जाईल. त्यांनी सांगितलेल्या जागा लिहून घ्या, तुमच्या चेकलिस्टपेक्षा ती यादी जास्त खरी निघते.

मुकादमाशी मात्र हंगामाआधीच बोलून घ्या. माणसं त्याचं ऐकतात आणि उचल त्याच्याकडून घेतलेली असते, त्यामुळे तो नको म्हणाला की कुणी जागचं हलत नाही. कोजागरीच्या सुमारास तो गावोगाव मजूर ठरवत फिरत असतो, तेव्हाच फोन करा. त्याला यायला सांगा, रिकाम्या आवारात त्याच्यासोबत एकदा वाट चाला, पंखा बंद करायचं बटण त्याच्या हाताने दाबून घ्या आणि मुलांची यादी कुठली बाई ठेवणार ते त्यालाच ठरवू द्या.