मुलांच्या शाळेत अकरावी-बारावी: इंग्लंडमधल्या मिश्र सिक्स्थ फॉर्मला प्रवेश कसा घ्यायचा

इंग्लंडमध्ये काही शाळा अशा आहेत जिथे इयर ७ ते इयर ११ फक्त मुलगे शिकतात आणि इयर १२ पासून, म्हणजे सिक्स्थ फॉर्म या शेवटच्या दोन वर्षांत, मुलींनाही प्रवेश मिळतो. किंग्स्टनची टिफिन स्कूल, ऑर्पिंग्टनची सेंट ओलेव्हज, टनब्रिजची जड स्कूल, ॲमर्शमची डॉक्टर चॅलोनर्स ग्रामर ही त्यातली आपल्या लोकांत चर्चेत असणारी नावं. मुलांच्या सगळ्याच शाळांचं असं नसतं. बार्नेटच्या क्वीन एलिझाबेथ्समध्ये शेवटपर्यंत मुलगेच असतात. शिवाय किंग्स्टनमध्ये टिफिन नावाच्या दोन शाळा आहेत, एक मुलांची आणि एक मुलींची. दोन्हींचे अर्ज आणि नियम वेगळे, तेव्हा फॉर्म भरताना नाव नीट बघा.

बहुतेक घरांत अकराव्या वर्षीच्या ग्रामर (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांच्या) परीक्षेची तयारी जोरात होते. ती संधी हुकली की ‘ती शाळा गेली’ असं धरून चालतात. पण सोळाव्या वर्षीचा प्रवेश ही सर्वस्वी वेगळी प्रक्रिया आहे. इयर ७ चा अर्ज कौन्सिलमार्फत जातो, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर असते आणि निकाल १ मार्चला लागतो. सिक्स्थ फॉर्मचा अर्ज सहसा थेट शाळेकडे करायचा. एका वेळी तीन-चार शाळांना अर्ज करता येतो आणि मिळालेल्या सगळ्या ऑफर ऑगस्टपर्यंत हातात ठेवता येतात. सगळेच असं करत असल्यामुळे निकालाच्या दिवशी जागा भराभर सुटतात. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

आधी इयर नक्की करा

इयर १२ म्हणजे आपली अकरावी, बारावी नव्हे. वर्गाचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या जन्मतारखांवर ठरतं. सप्टेंबर २०२७ मध्ये इयर १२ ला बसणारी मुलं १ सप्टेंबर २०१० ते ३१ ऑगस्ट २०११ या काळात जन्मलेली असतील.

महाराष्ट्रातून दहावी करून येणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते. आपल्याकडे सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं बहुधा एक इयत्ता पुढे असतात. डिसेंबर २०११ मध्ये जन्मलेल्या मुलीने मार्च २०२७ मध्ये दहावीची परीक्षा दिली, तरी सप्टेंबरमध्ये वयानुसार तिचा वर्ग येतो इयर ११. म्हणजे दोन वर्षांच्या जीसीएसई (इयर ११ च्या शेवटी होणारी, आपल्या दहावीसारखी परीक्षा) अभ्यासक्रमाच्या ऐन मध्यावर, तोही ज्या शाळेत जागा शिल्लक असेल तिथे. इयर ११ मध्ये मुलांच्या शाळेचा पर्याय मुलीसाठी अर्थातच नसतो. वयाबाहेरच्या वर्गात बसवण्याची विनंती करता येते, पण ती मान्य होईल असं गृहीत धरून विमानाची तिकिटं काढू नका. उलट वय जुळत असेल, तर दहावीनंतर थेट इयर १२ हा भारतातून येण्याचा सगळ्यात सोपा टप्पा आहे.

अशा वेळी शाळेला लगेच ईमेल करून तीन गोष्टी विचारा: एसएससी, सीबीएसई किंवा आयसीएसईचे गुण ती शाळा कसे धरते, यूके एनिकचं (परदेशी शिक्षणाची ब्रिटिश शिक्षणाशी तुलना करून देणारी संस्था) समतुल्यता प्रमाणपत्र लागतं का, आणि बोर्डाचा निकाल मे महिन्यात येत असल्याने तोपर्यंत कोणते अंदाजित गुण चालतील. काही शाळा स्वतःची चाचणी घेतात. व्हिसाही तपासा. आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेलं मूल सरकारी शाळेत शिकू शकतं. चाइल्ड स्टुडंट व्हिसा मात्र फक्त खाजगी शाळांसाठी असतो. त्याच्यावर सरकारी ग्रामरमध्ये प्रवेश मिळत नाही.

प्रवेश धोरण वाचणं हे निम्मं काम

प्रत्येक शाळेच्या संकेतस्थळावर त्या-त्या वर्षाचं प्रवेश धोरण असतं. सात-आठ पानांचा कंटाळवाणा दस्तऐवज. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या ऐकीव माहितीपेक्षा तोच वाचा, आणि वर्ष बरोबर आहे ना हे पहिल्या पानावर बघा. त्यात चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, बाहेरून घ्यायच्या विद्यार्थ्यांची जाहीर संख्या. ती शाळेत नव्याने येणाऱ्यांपुरतीच असते. मुली आणि बाहेरचे मुलगे दोघेही त्यातच मोजले जातात, मुलींसाठी वेगळा कोटा आहे असं समजू नका.

दुसरी, एकूण गुणांची अट. जीसीएसईला ९ ते १ अशा श्रेणी असतात, ९ सर्वांत वरची. शाळा बहुधा सर्वोत्तम आठ-नऊ विषयांची बेरीज मागते, किंवा ‘अमुक इतक्या विषयांत किमान ७’ असं म्हणते, आणि इंग्रजी व गणितात वेगळी किमान श्रेणी लावते. विषय कमी घेतलेल्या मुलांना बेरजेत फटका बसतो. इथे एक चुटपुट लागते: जीसीएसई गुजरातीत देता येते, बंगाली, पंजाबी, उर्दूत देता येते, मराठीत नाही. घरात अस्खलित मराठी बोलणाऱ्या मुलीला त्या भाषेची श्रेणी बेरजेत आणायची सोयच नाही.

तिसरी, विषयवार अट. ए-लेव्हल (इयर १२-१३ चा अभ्यासक्रम) गणिताला सहसा ७, फर्दर मॅथ्सला (गणिताच्या जोडीचा, पुढच्या पातळीचा वेगळा विषय) ८ किंवा ९, विज्ञानाच्या विषयांना ७. कंबाइन्ड सायन्स (तिन्ही विज्ञान विषय एकत्र) घेतलेल्यांना दुहेरी श्रेणी मिळते, म्हणून ‘७-७ चालेल का, की स्वतंत्र तीन विज्ञान विषयच हवेत’ हे पाहा. गणिताचे दोन स्तर असतात आणि फाउंडेशन पेपरात ५ च्या वर श्रेणी मिळतच नाही. मुलगी त्या स्तरावर असेल, तर हा प्रश्न इयर १० मध्येच शाळेकडे काढायला हवा. इयर ११ च्या मार्चमध्ये उशीर झालेला असतो.

चौथी, अर्ज जास्त आले तर क्रम कसा लावणार. काही ठिकाणी गुणांवर, काही ठिकाणी अंतरावर. अंतरावर असेल, तर दूर राहणाऱ्या हुशार मुलीला ऑफर न मिळणं हा अन्याय नसून नियम आहे.

या सगळ्यावर सरकारची प्रवेश संहिता लागू होते आणि तिच्यात पालकांच्या फायद्याचं बरंच आहे. सरकारी शाळेला शैक्षणिक अट लावता येते, पण ती आतल्या मुलग्यांना आणि बाहेरच्यांना एकच असावी लागते. त्यामुळे इयर ७ पासून तिथे असलेल्या मुलालाही इयर १२ आपोआप मिळत नाही, गुण आणावेच लागतात. हजेरी, वर्तणूक किंवा ‘मुलगी उत्साही वाटते का’ यावर प्रवेश ठरवता येत नाही. विषयांबद्दल बोलायला बोलावतील, पण त्या भेटीवरून जागा द्यायची की नाही हे ठरवता येत नाही. म्हणून अरंगेत्रमचे फोटो, ऑलिम्पियाडची पदकं आणि शिफारसपत्रं पीडीएफ करून जोडण्यात वेळ घालवू नका. खाजगी शाळांचं गणित वेगळं: तिथे स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, आणि जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅटही आहे.

इयर ११ चं वेळापत्रक

सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ओपन इव्हनिंग होतात. अर्जाची मुदत बहुतेक शाळांत डिसेंबर-जानेवारीत संपते, सशर्त ऑफर वसंतात येतात. अर्जात अंदाजित श्रेणी लागतात आणि त्या शाळेतल्या सराव परीक्षांवरून ठरतात. म्हणजे ‘मॉक्सच आहेत, मेमध्ये बघू’ हे धोरण इथे चालत नाही.

ए-लेव्हलचे विषय साधारण तीन. फर्दर मॅथ्स घेणारे बहुधा चार घेऊन सुरुवात करतात. विद्यापीठाच्या ऑफर जवळजवळ नेहमी तीन विषयांवर असतात, तेव्हा चौथा विषय हौसेने घ्या, भीतीने नको. अर्जात विषय भरण्याआधी शाळेला ‘ब्लॉक’ विचारा. वेळापत्रकात विषय चार-पाच गटांत मांडलेले असतात आणि एकाच गटातले दोन विषय घेता येत नाहीत. रसायन-जीवशास्त्र-गणित ही जोडी जवळपास कुठेही बसते. अर्थशास्त्र-संगीत-भौतिकशास्त्र असं काही हवं असेल, तर विचारल्याशिवाय धरून चालू नका. कमी मुलं आली तर एखादा छोटा विषय रद्दही होतो, म्हणून राखीव विषय खरोखर आवडणाराच लिहा.

ओपन इव्हनिंगला मुलीच्या बाजूने काय विचारायचं

व्यासपीठावरचं भाषण सगळीकडे सारखंच असतं. तिथे वेळ न दवडता सध्याच्या इयर १२ च्या मुलींना गाठा आणि पालकांनी चार पावलं लांब थांबा. विचारण्याजोगं असं: वर्षाला मुली किती, आणि तिला हव्या असलेल्या विषयाच्या वर्गात किती? एकूण आकडा चांगला दिसतो, पण जीवशास्त्रात दहा मुली आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात एकटीच, असं होऊ शकतं. खेळात मुलींचे संघ आहेत की ‘व्यवस्था करू’ असं उत्तर येतं? स्वच्छतागृहं वर्गांपासून किती लांब? जुन्या इमारती मुलग्यांसाठी बांधलेल्या असतात, त्यामुळे हा प्रश्न क्षुल्लक नाही. काही खटकलं तर कोणाकडे जायचं, आणि त्यात एखादी शिक्षिका आहे का?

अभ्यासातला एक छुपा फरकही इथेच विचारून घ्या. अशा शाळांतली बरीच मुलं इयर ११ मध्ये जीसीएसईसोबत ॲडिशनल मॅथ्स किंवा लेव्हल २ फर्दर मॅथ्स करतात. त्यात कॅल्क्युलसची सुरुवात आणि मॅट्रिक्सही येऊ शकतात. बाहेरून आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात वाटतं की आपणच कच्च्या आहोत. प्रत्यक्षात समोरच्याने तो भाग आधी केलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या अभ्यासक्रमातलं बीजगणित, निर्देशक भूमिती आणि अवकलन यांवर रोज तासभर दिला, तर हे अंतर बहुतांशी भरून निघतं. परीक्षा मंडळही बघा: एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल यांत विज्ञानाचे धडे वेगळ्या क्रमाने येतात. दहावी करून आलेल्यांनी कॅसिओचं ९९१ मालिकेतलं कॅल्क्युलेटर उन्हाळ्यातच घेऊन हात बसवावा. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत ते नसतं, इथे गणिताच्या प्रत्येक ए-लेव्हल पेपरला असतं.

निकालाचा गुरुवार

जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात गुरुवारी लागतो. त्या आठवड्यात भारतात असू नका. हे कितीही सांगितलं तरी दरवर्षी कोणीतरी पुण्याहून फोन लावत बसलेलं असतं. सकाळी निकालपत्र हाती येतं आणि नावनोंदणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असते, बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष. निकालपत्र, पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा एका फोल्डरमध्ये आदल्या रात्रीच ठेवा.

एखादी श्रेणी कमी पडली तरी आधी फोन करा, मग रडा. इतरांनी दुसरीकडे प्रवेश घेतल्याने दुपारपर्यंत जागा मोकळ्या होतात, पण अट पूर्ण नसेल तर शाळा ती सहसा सोडत नाही. विषय बदलून अट पूर्ण होते का, हे त्याच फोनवर विचारा. आठऐवजी सात आला तर फर्दर मॅथ्स जाईल, प्रवेश राहू शकतो. पेपर फेरतपासणीला द्यायचा तर निकाल यायला साधारण २० दिवस लागतात आणि श्रेणी खालीही जाऊ शकते. तोवर शाळा जागा राखते का, हे लेखी घ्या.

ऑफर नाकारली गेली तर स्वतंत्र मंडळाकडे अपील करता येतं, आणि सिक्स्थ फॉर्मसाठी पालकांसोबत विद्यार्थिनीलाही तो हक्क आहे. निकालावर अवलंबून असलेल्या ऑफरची अपिलं निकाल पक्का झाल्यापासून शाळेच्या ३० दिवसांत ऐकावी लागतात. म्हणजे ऑक्टोबर उजाडू शकतो. तोवर दुसऱ्या शाळेत नाव घालून शिकणं सुरू ठेवावं. त्याने अपील कमजोर होत नाही.

खर्च आणि पहिलं सत्र

सरकारी शाळेत फी नाही, पण सूट-जाकीट, प्रवास आणि सहली घरूनच. सोळानंतर शाळेचा मोफत प्रवास कायद्याने मिळत नाही. लंडनच्या बरोत (महापालिका विभागात) राहणाऱ्यांना १६+ झिप ऑयस्टर या प्रवास कार्डावर बस आणि ट्राम फुकट. ट्रेनचा पास मात्र वर्षभराचा हिशोब करूनच ठरवा.

विषय बदलायचा असेल तर पहिल्या तीन-चार आठवड्यांत. नंतर मागे पडलेला भाग भरून काढणं जड जातं आणि शाळाही तयार होत नाही. इयर १२ च्या शेवटी गुण कमी आले म्हणून इयर १३ मध्ये बसू देणार नाही, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. २०१७ मध्ये सेंट ओलेव्हजमधल्या काही पालकांनी नेमक्या याच कारणावरून कोर्टाची पायरी चढली, आणि शाळेने ते धोरण मागे घेऊन मुलांना परत घेतलं. इयर १२ च्या शेवटच्या त्या उन्हाळी परीक्षेवरूनच विद्यापीठासाठीच्या अंदाजित श्रेणी ठरतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनचे यूकासकडचे (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी मध्यवर्ती संस्था) अर्ज इयर १३ च्या १५ ऑक्टोबरपर्यंत जावे लागतात आणि शाळेची आतली मुदत त्याच्याही आधी असते, ती पहिल्याच सत्रात विचारून ठेवा.