द्राक्षाचं पार्सल: माल गार होईपर्यंत खोक्याला टेप लावू नका

फेब्रुवारी सरत आला. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडे पहाटे अजून स्वेटर लागतो आणि दुपारी दोनला बागेत उभं राहवत नाही. घरपोच द्राक्षं पाठवणाऱ्यांच्या पेट्या नेमक्या याच दिवसांत नासायला लागतात आणि मार्च उजाडला की तक्रारींना खळ राहत नाही. व्यापारी पैसे बुडवून पसार होतात, म्हणून कितीतरी तरुण बागायतदार व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेऊन ठाणे, पुणे, सुरत, इंदूरला थेट माल पाठवू लागलेत. फार चांगलं काम आहे ते. म्हणूनच हे घाईने लिहितोय. पुढचे पंधरा-वीस दिवस चुकले तर कष्टाने जोडलेलं गिऱ्हाईक पुढच्या हंगामात फोन उचलणार नाही.

सांगायचं ते एकच: मणी आतून गार झाल्याशिवाय खोका बंद करू नका.

तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत येतात. कुणी म्हणतं मणी गळाले, कुणी म्हणतं आंबूस वास येतोय, कुणी खालचा थर ओला निघाल्याचा फोटो पाठवतं. आपण दोष देतो कुरिअरला, हमालाला, खोकेवाल्याला. आपटाआपट होते, ते खरंच आहे. पण माझ्या बघण्यात आलेल्या बहुतेक खराब पेट्या उन्हात तोडून, बांधावरच भरून, तिथल्या तिथे टेप मारलेल्या होत्या.

उन्हाच्या बाजूचा मणी अकरा वाजता हवेपेक्षाही जास्त तापलेला असतो. तोडलेला घड जिवंत असतो, श्वास घेत असतो, त्यातून स्वतःची उष्णता आणि वाफ सोडत असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की हा श्वासाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. असा माल प्लॅस्टिकमध्ये बंद केला, रात्री गाडीत बाहेरून खोका गार झाला, की आतली वाफ पाणी होऊन मालावरच उतरते. गरम पोळ्या डब्यात भरून लगेच झाकण लावलं तर काय होतं ते घरात विचारा, तेच इथे होतं. ओल मिळाली की करड्या आणि काळ्या बुरशीला एक रात्र पुरते. इकडे देठातलं पाणी उडत राहतं, तो तपकिरी पडतो आणि मण्याला सोडून देतो.

अशी एक पेटी उघडून नीट बघा. पिशवीच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे थेंब असतात. ते घरंगळून खालच्या कागदात मुरलेले असतात आणि पुठ्ठ्याचा तळ इतका मऊ होतो की नख आत जातं. वरचा घड बघून सगळं ठीक वाटतं. खालचा घड उचलला की आठ-दहा मणी तळाशीच राहतात. त्यांचा देठ पाहिला तर टोकाला गराचा पांढरा धागा चिकटलेला दिसतो. म्हणजे मणी आतून सैल होऊन निसटलेला असतो. आपटल्याने फुटलेला मणी वेगळा दिसतो. त्याची साल चिरलेली असते आणि रस सांडून आजूबाजूचे मणी चिकट होतात. हा फरक ओळखायला शिका, मग दोष कुठे आहे ते कळेल.

निर्यातीचा माल तोडणीनंतर काही तासांतच प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट गार करणाऱ्या खोलीत, घालून ४ अंशांपर्यंत उतरवतात आणि पुढे ० अंशाच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. तिथे रीफर, म्हणजे गारवा राखणारा, कंटेनर शेवटपर्यंत साथ देतो. आपल्या पार्सलाला तशी साखळी नाही. ४ अंशांचा माल उघड्या गाडीतून मुंबईकडच्या दमट हवेत गेला तर त्यालाही घाम फुटणार. म्हणून विनागारव्याच्या पार्सलाला मणी १५ ते १८ अंशांवर असताना खोका बंद केलेला बरा, असा माझा अंदाज आहे. हा आकडा कुठल्या शिफारशीतला नाही, बांधावरचा आहे. पण फेब्रुवारीत एवढा गारवा नाशिकची रात्र फुकट देते.

मग करायचं असं. दव पूर्ण उडाल्यावर तोडणी सुरू करा आणि दहाच्या आत संपवा. दव असताना तोडलेला माल ओला, दहानंतर तोडलेला गरम. मधला वेळ थोडा आहे, म्हणून मजूर वाढवा, तास वाढवू नका. क्रेट लगेच झाडाखाली किंवा शेडनेटमध्ये न्या. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, तिथे माल भाजतो. निवडून झालेला माल क्रेटमध्ये एकच थर करून, छपराखाली पण चारही बाजूंनी वारा लागेल असा रात्रभर उघडा ठेवा. वरून जाळी टाका. खोके पहाटे पाच ते सातच्या दरम्यान भरून बंद करा. रात्रीत वजन थोडं घटतं. पाच किलोच्या पेटीत पन्नास-शंभर ग्रॅम जास्त घाला आणि विषय संपवा.

मार्चच्या मध्यापासून रात्रीही हवा पुरेशी उतरत नाही. तेव्हा दोनच वाटा राहतात. जवळच्या पॅकहाऊसमध्ये किंवा शेतकरी कंपनीच्या प्रीकूलिंगमध्ये काही तासांची जागा भाड्याने घ्या. तीन-चार जणांनी मिळून घेतली तर परवडते. नाहीतर ओल्या गोणपाटाचा पडदा लावून त्याच्यामागे मोठा पंखा ठेवा. मार्चची आपली दुपार कोरडी असते, त्यामुळे पडद्यातून येणारी हवा बरीच गार होते. पाण्याचे थेंब मात्र क्रेटवर उडता कामा नयेत. दोन्ही जमत नसेल तर त्या दिवशी लांबचं पार्सल घेऊ नका. नाशिक शहरातलं, त्याच दिवशी पोचणारं तेवढंच द्या.

गार झालं की नाही ते हाताने कळत नाही. टोचायचा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. क्रेटच्या मधल्या घडातला एक मणी घ्या, टोक आत खुपसा आणि आकडा वाचा. वरचा मणी फसवतो. तेवढाही खर्च नको असेल तर एक घड पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधा आणि सावलीत अर्धा तास ठेवा. आतून धुकं धरलं तर माल भरायचा नाही.

आता दुकानदार काय गळ्यात मारतात ते बघू.

थर्माकोलची पेटी आणि जेलची पाकिटं. थर्माकोल स्वतः गार करत नाही, आत जे आहे ते धरून ठेवतो. गरम माल घातला तर गरमपणाच धरून ठेवणार. पाच किलो द्राक्षं १५ अंशांनी उतरवायला सुमारे ८०० ग्रॅम बर्फ पूर्ण वितळावा लागतो. दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं जेमतेम निम्मं काम करतात, आणि त्यांच्या अंगावरचं पाणी खालच्या घडावर गळतं. माल आधीच गार असेल आणि प्रवास दोन दिवसांचा असेल तरच त्या पेटीला अर्थ आहे.

ग्रेप गार्ड. निर्यातीच्या ४.५ ते ५ किलोच्या पेटीत एक कागद घालतात, तो ० अंशाच्या थंडीत हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतो. आपल्या गरम, ओल धरलेल्या खोक्यात तोच वायू एकदम सुटतो. देठाजवळ मणी पांढरा पडतो, चव बिघडते आणि खोका उघडणाऱ्याच्या नाकाला झोंबतं. दम्याच्या माणसाला तर त्रासच होतो. दोन दिवसांच्या पार्सलात हा कागद घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथिलीन शोषणाऱ्या पुड्या. आंबा-केळीचं ठीक आहे. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, गोडही होत नाही, आणि इथिलीनही नगण्य सोडतं. हे पैसे वाचवा. ‘टिकवणक्षमता वाढवणारी’ म्हणून तोडणीच्या तोंडावर विकली जाणारी बाटली तर हातात धरू नका. लेबलवर द्राक्ष पीक, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षेचे दिवस, म्हणजे फवारणी ते तोडणी यात सोडायचे दिवस, लिहिलेले नसतील तर ते औषध तुमच्या गिऱ्हाइकाच्या पोराच्या तोंडात जाणार आहे.

खर्च करायचाच असेल तर पाच पदरी मजबूत खोक्यावर करा. बाजूच्या भिंतींच्या सुमारे ५ टक्के भाग भोकांचा हवा. आणि इथे दुसरी चूक होते, ती खरं तर पहिलीच चूक आहे: भोकं पाडलेला खोका आपण चारही बाजूंनी ब्राउन टेपने गुंडाळतो. आपण नाही गुंडाळला तर काउंटरवरचा मुलगा वरून प्लॅस्टिक फिल्म फिरवतो. त्याला बिचाऱ्याला वाटतं, माल सुरक्षित झाला. गार केलेला मालही मग कोंडून गरम होतो. टेप फक्त वरच्या-खालच्या सांध्यावर, इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी लावा. भोकांशेजारी ठळक लिहा, ‘भोकं झाकू नका, द्राक्षं आहेत’, आणि फिल्म गुंडाळू नका असं काउंटरवर तोंडीही सांगा.

तोडणीआधी आणि तोडताना:
– फवारलेल्या प्रत्येक औषधाचा प्रतीक्षा कालावधी संपलेला हवा
– गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजायचं यंत्र) १८ ब्रिक्सच्या (गोडीचं माप) पुढे
– तोडणीआधी काही दिवस पाणी कमी
– क्रेट आणि कात्र्या धुणे: ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला ५ मिली, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग), नंतर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे
– घड देठाला धरून उचलणे, मण्यावरची नैसर्गिक पावडर पुसू न देणे
– तडकलेले, मऊ, डागी मणी कात्रीने काढणे, ओढून नाही

भरताना:
– अर्ध्या किलोचे भोकांचे पाऊच, देठ वर
– तळाला कोरडं पेपर कटिंग किंवा बबल शीट
– एकच थर. हलवल्यावर आवाज येऊ नये, झाकण दाबूनही बसवू नये
– वर्तमानपत्राची शाई मालाला लागू न देणे

पत्ता:
– सहा आकडी पिन कोड, दोन मोबाइल नंबर
– पत्त्याची दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत
– बाहेरच्या लेबलवर पारदर्शक टेप, नाहीतर शाई पसरते

खोक्याचा आकार उगाच मोठा घेऊ नका. बहुतेक खासगी कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय २० चा खोका ४.८ किलोचा धरला जातो, आत दोन किलो असले तरी. मला स्वतःला दोन किलोची लहान पेटी जास्त विश्वासाची वाटते. ती लवकर गार होते आणि हमाल ती फेकण्याऐवजी हातात धरतो.

गाडी निवडताना वेळ बघा. रात्री निघून सकाळी पोचणारी गाडी घ्या. दुपारी बाराला काउंटरवर ठेवलेला खोका चार वाजेपर्यंत उन्हात तापला तर पहाटेची सगळी मेहनत पाण्यात. खोका घरी सावलीत ठेवा आणि गाडीच्या वेळेआधी अर्धा तास पोचवा. ट्रॅव्हल्सच्या बसचं इंजिन बहुधा मागे असतं, त्याच्या लगतच्या डिकीत हात घालून बघा, म्हणजे कळेल. पुढच्या डिकीत जागा मागा. शुक्रवार-शनिवारी कुरिअरला माल देऊ नका, रविवारी तो गोदामात पडून राहतो. सोमवार ते बुधवार हेच दिवस धरा.

आणि आभाळाकडे लक्ष ठेवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरलेलं नाही, आणि नुसत्या अवकाळी शिंतोड्यानेही पार्सलाचं वाटोळं होतं. हवामान खात्याचा पावसाचा इशारा आला तर पिकलेला माल आधी तोडून छपराखाली घ्या. पाऊस पडून गेल्यावर ऊन पडलं, घड सुकले, म्हणून त्याच दिवशी खोके भरू नका. बारीक तडे लगेच दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी ते मणी पाणी सोडायला लागतात. पाऊस झाल्यावर दोन दिवस पार्सल बंद, हा माझा नियम. ऑर्डर थांबवल्याचा मेसेज टाकला तर माणसं समजून घेतात. नासका खोका गेला तर नाही घेत.

सुरगाणा-सापुतारा पट्ट्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्यांना हेच दुप्पट लागू आहे. तो माल त्याच दिवसाच्या अंतरापलीकडे विनागारव्याचा पाठवूच नये. बेदाण्याचं सोपं आहे, पण शेडवरून काढलेला गरम बेदाणा सरळ पिशवीत कोंडला तर त्यालाही ओल धरते आणि गोळे होतात.

पार्सल पोचलं की गिऱ्हाइकाकडून दोन फोटो मागवा. एक झाकण उघडल्या-उघडल्याचा आणि एक पाऊच उचलून त्याच्या खालच्या बाजूचा. पिशवीला आतून थेंब दिसले तर दुसऱ्या दिवशीची तोडणी तासभर लवकर संपवा आणि भरण्याआधी थर्मामीटर पुन्हा लावा.