पोफळींमागचा लांडगा: कमी पैशांच्या भयपटात रंगभूषा करू पाहणाऱ्यांसाठी

गोव्यात डिचोली, सत्तरी, फोंडा इथली मुलं-मुली रंगभूषेत यायचं म्हणून भेटायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न साहित्याचा असतो. सिलिकॉन कुठलं, लेटेक्स (मुखवट्याचं पातळ रबर) कुठलं, एका मुखवट्याला खर्च किती. त्या प्रश्नांकडे येतेच. पण आमच्या छोट्याशा वेअरवूल्फपटात, म्हणजे पुनवेला लांडगा होणाऱ्या माणसाच्या सिनेमात, मी जो लांडगा घडवला, तो लोकांनी कसा पाहिला हे आधी सांगते, कारण या कामात काय महत्त्वाचं ते मला प्रेक्षकांनीच शिकवलं.

गोष्ट साधी होती. साखळीकडचा एक ट्रकमालक. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये पुन्हा थोड्या चालल्या, 2018 मध्ये परत थांबल्या. खनिज वाहणारा ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालू. शेवटी तो बेळगावहून भाजी आणायला लागतो, रात्री चोर्ला घाटाने. घाटावरच्या माळावर त्याला काहीतरी चावतं, आणि पुढच्या पुनवेपासून त्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या (सुपारीच्या) बागेत, गुरं मरायला लागतात. लांडगा हा माळरानाचा प्राणी. आमच्या रानात कोल्हे आहेत, रानकुत्रे आहेत, वाघाला तर सत्तरीत देव मानून पूजतात. लांडग्याची भीती मात्र गोव्याच्या गोष्टींत मुरलेली नाही. म्हणून लेखकाने तो घाटावरून आणला, आणि ते फार बरं केलं. प्रेक्षागृहात ‘हांगा लांडगो खंयचो?’ (इथे लांडगा कुठला?) हा प्रश्न कोणाच्या तरी तोंडून येणारच होता. त्याचं उत्तर पहिल्या दहा मिनिटांत मिळून गेलं होतं.

माझं शिक्षण नाटकाचं. आमच्याकडे देवळाच्या काल्याच्या उत्सवाला मराठी नाटक होतं, अजूनही होतं. गावचे रंगभूषाकार मामा पेटी घेऊन यायचे आणि त्यांच्या हाताखाली मी दाढ्या-मिशा लावायला शिकले. क्रेप, म्हणजे दाढी-मिशांसाठीचे खोटे केस, वेणीसारखी गुंफलेली येते, ती वाफेवर सरळ करायची, हनुवटीच्या खालून सुरुवात करून थर वर चढवत न्यायचे, म्हणजे वरचा थर खालच्याची मुळं झाकतो. हा क्रम उलटा केला की दाढी चिकटवलेली आहे हे शेवटच्या रांगेतूनही कळतं. लांडग्याचा चेहरा करताना हेच तंत्र कामी आलं. 1941 च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये जॅक पिअर्सने लॉन चेनी ज्युनिअरच्या चेहऱ्यावर याकचे केस असेच हाताने लावले होते.

चित्रीकरणाआधी आम्ही दोन चाचण्या केल्या. एकीत पूर्ण मुखवटा: पुढे आलेलं थोबाड, फोमचे गाल, डोळ्यांभोवतीही लेटेक्स. दुसरीत कपाळ आणि नाकाचा वरचा भाग तेवढा बदललेला, गालांवर केस, खालचे दात, आणि डोळे नटाचेच, मोकळे. दोन्हींचे तुकडे काढून शेजारपाजारच्या लोकांना दाखवले. सिनेमाशी संबंध नसलेली माणसं मुद्दाम बोलावली होती. दिग्दर्शक पडद्याकडे बघत होता, मी लोकांकडे. पूर्ण मुखवट्याला हसू आलं. भयपटात घाबरून येणारं हसू असतं, ते तुटक असतं आणि माणूस लगेच शेजारच्याकडे बघतो. हे तसं नव्हतं. हे सैल, लांबलेलं हसू होतं, खुर्चीत मागे टेकून हसलेलं. दुसऱ्या तुकड्याला कोणी हसलं नाही. एका बाईंनी विचारलं, ‘हो तोच मरे, ट्रकवालो?’ (हा तोच ना रे, ट्रकवाला?) त्या बाईंना केसांच्या आत माणूस दिसला होता. त्या प्रश्नानंतर आमचं ठरलं.

नवीन येणाऱ्यांनी ही एक गोष्ट मनात पक्की करावी असं मला मनापासून वाटतं: पैसा कमी असेल तर डोळे आणि तोंड नटाकडे राहू द्या. प्रेक्षक पशूच्या चेहऱ्यात ओळखीचा माणूस शोधतो. तो सापडला की कडेची एखादी शिवण दिसली तरी तो सोडून देतो. सापडला नाही तर त्याला मुखवट्याची प्रत्येक कड दिसायला लागते. खर्च वाढवून हे सुटत नाही. 2010 चा ‘द वुल्फमॅन’ प्रचंड खर्चात झाला, त्याच्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं, आणि तरी तो तिकीटबारीवर पडला. उलट 2000 सालचा कॅनडातला ‘जिंजर स्नॅप्स’ छोटा सिनेमा. थिएटरात फारसा चालला नाही, पण पुढे व्हिडिओ-डीव्हीडीवर त्याला त्याचे प्रेक्षक मिळाले, ते मुख्यतः त्यातल्या दोन बहिणींमुळे.

रूपांतराचं दृश्य हा सगळ्यात मोठा मोह. प्रत्येक नवीन मुलाला 1981 च्या ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन’सारखं करायचं असतं: भर उजेडात, हाडं लांबत जाताना. रिक बेकरचं ते काम अभ्यासण्यासारखंच आहे, रंगभूषेसाठी ऑस्करचा स्वतंत्र वार्षिक विभाग सुरू झाला तेव्हा पहिला मान त्याच कामाला मिळाला. पण त्यातून घ्यायचं काय ते नीट बघा. केस उगवतानाचं चित्र त्यांनी उलटं घेतलं होतं. खोट्या कातडीतून केस आत ओढायचे, चित्रण करायचं आणि फिल्म उलटी चालवायची. हे आज मोबाइलवरही करता येतं. आम्ही हाताच्या पंजाचा एक तुकडा असाच घेतला आणि सिनेमातला सर्वांत स्वस्त शॉट लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिला.

त्याहून जुने सिनेमे तर गरिबांचं विद्यापीठच. 1941 च्या ‘वुल्फ मॅन’मध्ये पहिल्या रूपांतरात चेहरा दाखवतच नाहीत, फक्त पाय. 1935 च्या ‘वेअरवूल्फ ऑफ लंडन’मध्ये नायक चालत जातो, एकेका खांबाआड जातो आणि दर खांबानंतर रंगभूषा थोडी वाढलेली. हे पाहिल्यावर मी दिग्दर्शकाला कुळागरात घेऊन गेले. पोफळींची रांग, एका मापाचे सरळ बुंधे, मधून पाटाचं पाणी. निसर्गाने आमच्यासाठी खांब उभे करून ठेवले होते. नट पोफळीमागे जातो, कट, रंगभूषेचा पुढचा टप्पा, पुन्हा त्याच लयीत बाहेर. टप्प्यांमधल्या वेळेत चंद्राचा म्हणून लावलेला दिवा जागचा हलू द्यायचा नाही आणि नटाची चाल बदलू द्यायची नाही, एवढीच काळजी. साखळीच्या रवींद्र भवनात सिनेमा दाखवला तेव्हा त्या दृश्याला पूर्ण शांतता होती, आणि शेवटच्या बुंध्यामागून तो बाहेर आला तेव्हा मागून एका आजीचा आवाज आला, ‘ताका मारूं नाकात रे!’ (त्याला मारू नका रे!) माझ्या कामाला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद.

सगळ्यांना सिनेमा आवडला असं मात्र नाही. कॉलेजातल्या मुलांची तक्रार होती की लांडगा पुरता दिसलाच नाही. ही मुलं ओटीटीवर जगभरचे भयपट पाहतात, 2022 चा ‘भेडिया’ त्यांनी पाहिलेला, त्यांना अख्खा प्राणी धावताना हवा होता. त्यांची अपेक्षा मला रास्त वाटते. पाठलागाच्या दृश्यात एकदा तरी पूर्ण आकृती हवीच असते, फक्त त्याला शरीरभराचा पोशाख आणि तो घालून पळू शकणारा माणूस लागतो. नील मार्शलच्या ‘डॉग सोल्जर्स’ने 2002 मध्ये उंची मिळवायला पोशाखातल्या नटांना स्टिल्टवर, म्हणजे पायांना बांधायच्या उंच काठ्यांवर, उभं केलं होतं आणि शॉट छोटे ठेवले होते. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. तुमच्याकडे थोडे जास्त असतील तर ते चेहऱ्यावर न घालता पाठीवर, खांद्यांवर आणि पायांवर घाला. मागून येणाऱ्या उजेडात केसाळ खांद्यांची कडा पुरेशी बोलते.

आणखी एक निरीक्षण. हल्ली अशा सिनेमाचा बराचसा प्रेक्षक तो मोबाइलवर पाहतो. थिएटरच्या काळोखासाठी केलेली गडद रंगभूषा लहान पडद्यावर नुसता काळा ठिपका होते. चाचणीचा प्रत्येक तुकडा फोनवरही बघा, तोही दिवसाउजेडी.

आता साहित्य. गोव्याची हवा हे आपल्या कामातलं सगळ्यात मोठं संकट. लेटेक्स वाळून बसतं आणि पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो, तो कोरडा असेल तरच लेटेक्समधलं पाणी शोषून घेतो आणि थर धरतो. म्हणून साचे पावसाआधी करून ठेवा, किंवा बंद खोक्यात बल्ब लावून वाळवा. घाम दुसरा शत्रू. कपाळावरचा तुकडा घामाने कडेपासून सुटतो, म्हणून चेहरा धुऊन, तेलकटपणा पूर्ण काढूनच चिकटवायला घ्या आणि प्रत्येक विश्रांतीत कडा तपासा. खोटं रक्त साखरेच्या पाकाचं केलंत तर कुळागरात तांबड्या मुंग्या नटाला बसू देणार नाहीत. मिथाइल सेल्युलोज या दाटपणा आणणाऱ्या भुकटीचा घट्ट द्राव घ्या, तो गोड नसतो.

सुरक्षिततेबाबत मी कोणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात, म्हणून निदान एक दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. अंगावर फेव्हिकॉल किंवा कुठलाही घरगुती गोंद लावायचा नाही. चेहऱ्याचा साचा घेताना नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि एका माणसाने दुसरं काहीही न करता फक्त नटाचा श्वास बघत राहायचं. भुवया, मिशी, पापण्या यांना आधी व्हॅसलीन. पिवळ्या डोळ्यांसाठी लेन्स हव्या असतील तर नेत्रतज्ज्ञाकडून माप घेऊनच, नाहीतर पिवळे डोळे नकोत. दातांसाठी दंतवैद्याकडे नटाचं माप द्या आणि दात चित्रीकरणाच्या पुष्कळ आधी नटाच्या हाती पडू द्या, त्याला ते घालून बोलायची सवय लागते. शेवटी सगळं उतरवताना घाई करायची नाही. रात्रपाळीनंतर सगळे दमलेले असतात आणि कातडी सोलवटते ती त्याच वेळी.

परवानग्या निर्मात्याचं काम, तरी रंगभूषाकाराला माहिती हवी. गोव्यात चित्रीकरणाची परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून घेतात. म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यात रात्रीचं चित्रीकरण मनात धरूच नका. खाजगी कुळागर मिळालं तर वीज, पाणी आणि नटाला बसवायला पडवी, तिन्ही मिळतं. कुत्रा वापरायचा असेल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी आधीच लागते, केसाळ कुत्र्याला लांडगा करायची कल्पना कोणी काढली तर त्याला हे सांगा.

आणि एक, जे कायद्यात लिहिलेलं नाही. गावात चित्रीकरण करताना देवचाराला राक्षस करू नका. तो गावचा राखणदार आहे, लोक रात्री त्याच्या वाटेने जाताना हात जोडतात. साळ गावच्या ‘गडे’ उत्सवासारख्या शिमग्यातल्या परंपरेचे वेष, खुणाही आपल्या पशूला चढवू नयेत. आमच्या लेखकाने लांडगा घाट ओलांडून आणला त्यामागे हाही विचार होता, आणि गावाने आम्हाला कुळागर, जेवण, जनरेटर मोकळ्या मनाने दिलं.

पैशांचं आधी लिहून घ्या. साहित्याचा खर्च आणि तुमचं मानधन या दोन वेगळ्या ओळी असाव्यात, साहित्याचे पैसे खरेदीआधी मिळावेत. लांडग्याच्या चेहऱ्याला तीन-साडेतीन तास लागत असतील तर ते दिवसाच्या वेळापत्रकात छापलेलं असू द्या, नाहीतर संध्याकाळी साताला नट खुर्चीत बसतो आणि आठला त्याला बोलावणं येतं. प्रत्येक टप्प्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पोफळींच्या दृश्यासाठी मी टप्पे कागदावर आखून आरशाला चिकटवले होते, सहायक दिग्दर्शकाकडे त्याचीच प्रत होती.

काम मागायला जाताना मुखवट्यांचे फोटो थोडे आणि चेहऱ्यांचे जास्त न्या: एकाच माणसाचा साधा चेहरा, म्हातारा, जखमी, अर्धा बदललेला, सगळे एकाच उजेडात काढलेले. दिग्दर्शकाला तुमचा हात त्यातून कळतो. आणि सिनेमाची वाट बघत घरी बसू नका. जत्रा-काल्यांचा हंगाम कार्तिकापासून सुरू होतो, गावोगावच्या नाटकमंडळींच्या तालमी चतुर्थीनंतर लागतात. तेव्हा जाऊन भेटा, पेटी उचलायचं काम मिळालं तरी घ्या. एका रात्रीत दहा-बारा चेहरे रंगवायला मिळतात, आणि पडदा वर गेला की विंगेत न थांबता प्रेक्षकांत जाऊन बसता येतं.