तीळ पेरताना: खरीप, अर्धरब्बी आणि उन्हाळी हंगामांतील पद्धत

तिळाच्या एक हजार दाण्यांचे वजन साधारण 3 ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोत तीन लाखांहून अधिक दाणे असतात, तर एकरी रोपे हवीत सुमारे 90 हजार. त्यामुळे तिळाचे पीक विरळ निघाले की बियाणे कमी पडले असे समजणे बहुधा चुकीचे असते. बी खोल गेलेले असते किंवा वरच्या थरातली ओल उडालेली असते. हंगामागणिक पेरणीची रीत बदलते, ती या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच.

प्रथम जमीन भुसभुशीत करावी. नांगरणीनंतर वखराच्या दोन-तीन पाळ्या देऊन ढेकळे फोडावीत आणि फळी फिरवून रान सपाट करावे, कारण ढेकळाखाली गेलेला तिळाचा कोंब वर येऊ शकत नाही. पाणी साचणारी जमीन तिळासाठी निवडूच नये.

प्रति किलो बियाण्यास 3 ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) किंवा 4 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावे. मग बियाण्याइतकीच कोरडी, चाळलेली वाळू किंवा चाळलेले शेणखत त्यात एकजीव मिसळावे. नुसते बी चाड्यावर (पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, बी सोडायच्या नरसाळ्यात) सोडले तर मूठ कितीही सराईत असली तरी ते एका जागी दाट आणि पुढे विरळ पडते. दोन ओळींत 30 सेंमी व दोन रोपांत 15 सेंमी, किंवा 45 बाय 10 सेंमी अंतर ठेवावे. दोन्ही रीतींनी रोपांची संख्या सारखीच बसते. बी कोणत्याही हंगामात 2.5 सेंमीपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

खरिपात जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, पुरेसा पाऊस होऊन वाफसा (चिखल न होता पेरता येईल इतकी ओल) येताच, एकरी सुमारे 1 किलो बियाणे पाभरीने पेरावे. या हंगामात खरा धोका साचलेल्या पाण्याचा असल्याने उताराला आडवी पेरणी करून ठरावीक अंतरावर चर काढावेत. मूग किंवा सोयाबीनसोबत आंतरपीकही घेता येते.

अर्धरब्बी, म्हणजे खरीप आणि रब्बीच्या मधल्या हंगामातला, तीळ सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरतात. इथे उशीर महागात पडतो, कारण पाऊस ओसरू लागला की वरचा थर झपाट्याने सुकतो. म्हणून मशागत आधीच उरकून ठेवावी आणि पेरणीमागोमाग हलकी फळी फिरवून ओल दाबून धरावी.

उन्हाळी तिळाला घाई करू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते. जानेवारीच्या कडक थंडीत बी उगवायला फार वेळ घेते. थंडी ओसरताच, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरणी साधावी. त्याहून उशीर झाल्यास काढणी वळवाच्या पावसात सापडते आणि भिजलेल्या बोंडांतले दाणे काळवंडतात. रान आधी ओलवून वाफशावर पेरावे, एकरी दीड किलोपर्यंत बियाणे वापरावे, आणि चार-पाच दिवसांनी गरजेनुसार हलके पाणी द्यावे. कोरड्यात पेरून वरून जोराचे पाणी सोडल्यास बी वाहून जाते आणि जमिनीवर कडक पापुद्रा धरतो.

विरळणीचा कंटाळा कधीही करू नये. पहिली विरळणी आठव्या दिवसाच्या सुमारास व दुसरी पंधरा ते वीस दिवसांत करून ठरलेल्या अंतरावर एकच जोमदार रोप राखावे. दाटीतली रोपे नुसती उंच वाढतात, फांद्या कमी फुटतात आणि बोंडेही कमी लागतात. दुसरी विरळणी आणि पहिली खुरपणी एकाच वेळी केल्यास मजुरीही वाचते.